उजव्या कडेचा गडी

कस्तुराची अन् बद्रीनाथची पहिली गाठ पडली ती तिच्या आवाजामुळं, आणि तो आवाज आमच्या घराण्याचा आहे. हे आधीच सांगून ठेवते. नंतर जो तो मान घ्यायला येतो.

कस्तुरा माझी भाची. धाकट्या भावाची, त्रिंबकची लेक. सोयगावच्या कॉलेजात एक वर्ष काढलं आणि एका दुपारी ताटावरच म्हणाली, "आबा, मला फौजेत अधिकारी व्हायचंय. त्याला एनसीसी पायजे. ती आपल्या कॉलेजात नाय. मी शहरातल्या कॉलेजात नाव घालते."

त्रिंबकचा घास हातातच राहिला. आमच्या घरात तोवर वर्दी घातली होती ती एका चुलत्यानं, तीही थिएटरच्या दारावर तिकिटं फाडताना. शिवाय त्रिंबकनं सोयगावातच ट्रॅक्टरच्या दुकानवाल्या नानासाहेबांचा मुलगा मनात धरून ठेवलेला. पोरगी ऐकेना, बाप ऐकेना. शेवटी मला बोलावणं आलं. मी त्याच शहरात, मुकुंदवाडीत राहते, म्हशी पाळते, आणि माझ्या शब्दापुढं घरात कुणी जात नाही.

मी म्हटलं, "पाठव माझ्याकडं. माझी नजर राहील तिच्यावर."

"राहू दे नजर," त्रिंबक म्हणाला. "पण आक्का, एका जरी पोराचं नाव माझ्या कानावर आलं, तर जीप घेऊन येईन अन् हिला थेट नानासाहेबांच्या मांडवात उतरवीन."

"येऊच नको. डिझेल वाया जाईल," मी म्हटलं.

तर जुन्या कॉलेजचा दाखला नव्या कॉलेजात देऊन आम्ही दोघी मैदानावर गेलो. तिथं मुलींची निवड चालली होती. फौजेतला शिकवणारा हवालदार, त्याला सगळे उस्ताद म्हणतात, एकेकीला 'सावधान' ओरडायला लावत होता. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला एक उंचच उंच पोरगा उभा केलेला. ऐकू आलं तर त्यानं हात वर करायचा. शहरातल्या पोरी ओरडायच्या ते शेजारणीकडं साखर मागितल्यासारखं. पोरगा आपला हात खाली घालून उभा.

कस्तुराची पाळी आली. आमच्याकडं मेंढरं ओढ्याच्या पलीकडं गेली की इकडून हाक घालतात. तिनं तश्शी हाक काढली — "सावधाऽऽऽन!"

पोराचे दोन्ही हात वर गेले. आणि रस्त्यानं चाललेला कुणाचा तरी मेंढ्यांचा कळप वळून फाटकातून सरळ मैदानात आला.

पोरगा पळत पळत तिच्यापुढं येऊन उभा राहिला. धाप लागलेली, कान लाल.

"तुमचा आवाज..."

"कमी पडला का?"

"नाय, नाय... ते मेंढ्या आत आल्या."

"मग हाकला की. फौजेत जायचंय अन् मेंढ्यांना भिता?"

तो हाकलायला गेला. एक मेंढी त्याच्या पायातून निघाली, तो मातीत बसला. कस्तुरा हसली. हसली म्हणजे कशी... ओठ मिटून, पण डोळे काही मिटेनात. मी कठड्यावर बसले होते. मला तेव्हाच काहीतरी खुपलं. मला वाटलं, धूळ गेली असेल डोळ्यात.

तो बद्रीनाथ. शहराच्या दुसऱ्या टोकाचा, उस्मानपुऱ्यातला. बाप सरकारी कचेरीत, गावाकडं जमीन, पोरगा कस्तुराच्याच वर्गात, पण एनसीसीत तिच्या एक वर्ष पुढं.

मग परेड सुरू झाली. बूट चमकवायला तिला बद्रीनाथनंच शिकवलं. कापसाचा बोळा, चिमूटभर पॉलिश, थेंबभर पाणी, आणि नुसतं गोल गोल घासायचं. हे मला तिनंच सांगितलं, पण सगळं घडून गेल्यावर.

"एवढं तर आम्ही म्हशीला पण घासत नाय," ती म्हणाली होती.

"बुटात तोंड दिसलं पायजे."

"कुणाचं?"

तो घासता घासता थांबला. "...ज्याला बघायचं असंल त्याचं."

"मग तुम्ही जरा बाजूला व्हा," ती म्हणाली, "तुमचंच दिसाया लागलंय."

आता सांगा, हे काय बोलणं झालं? पण तेव्हा मला कुठं ठाऊक. मला एवढंच ठाऊक की उस्मानपुऱ्यातला तो पोरगा सायकल मारत मुकुंदवाडीला दूध न्यायला यायला लागला.

"उस्मानपुऱ्यात दूध मिळत नाय व्हय रे?" मी विचारलं.

"मिळतं. पण पातळ मिळतं, आत्या."

"आत्या? कुणाची आत्या?"

"चुकलं... आजी."

"आजी दिसते मी तुला?"

"मावशी!" तो घाईनं म्हणाला आणि किटली पुढं केली.

मी माप जरा वरच धरलं. आमच्या म्हशींचं दूध आहेच तसं, लांबून माणसं येतात. गोठ्याच्या दाराशी कस्तुरा वैरण घेऊन उभी असायची, तो किटलीचं झाकण लावताना दूध सांडायचा, आणि मी म्हणायचे, हे शहरातलं पोर किती अडाणी! नाव त्रिंबकच्या कानावर जायचा सवालच नव्हता. माझ्याच कानावर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या परेडला मुला-मुलींची तुकडी कस्तुराच्या हाताखाली दिली. आवाज तिचा, मग दुसरं कोण? त्रिंबक सोयगावहून आला. नवा फेटा, आणि तोंडावर असा भाव की मला पटलेलं नाही, पण बघायला आलोय. आम्ही पुढच्या खुर्च्यांवर.

तुकडी आली. पुढं आमची कस्तुरा, पाठ ताठ, टोपीवर लाल तुरा, मानेवर घट्ट अंबाडा. पाहुण्यांच्या मंचासमोर येताच तिनं हुकूम सोडला — "दाहिनेऽऽ देख!" तिनं सलाम ठोकला आणि मागच्या सगळ्या माना एकदम उजवीकडं, मंचाकडं वळल्या. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग मला दिसलं. एक मान वळलीच नव्हती. उजव्या कडेचा, पहिल्या ओळीतला, दूधवाला बद्रीनाथ! सगळे पाहुण्यांकडं बघतायत आणि हा बाबा सरळ पुढं, आमच्या पोरीच्या अंबाड्याकडं.

परेड सुटली तशी मी उठले. त्रिंबक म्हणाला, "आक्का, कुठं?" मी काय थांबते! गेले ती सरळ त्या पोरापुढं.

"का रे ए उंटा! सगळ्यांनी माना वळवल्या, तुझ्याच मानेला काय झालं होतं? आमच्या कस्तुराच्या अंबाड्यात काय सापडत होतं तुला?"

घराण्याचा आवाज म्हटलं ना मी. मंचावरचे पाहुणे चहाचा कप धरून वळले. मागून त्रिंबक येऊन उभा राहिला होता.

उस्ताद धावत आला. "माताजी, माताजी! यही कायदा है. दाहिने किनारे वाला सीधा देखता है. वो भी गर्दन मोड़ेगा तो लाइन टेढ़ी हो जाएगी."

"असं व्हय!" मी म्हटलं. छातीवरचा दगड उतरला. "मग आधी सांगायचं ना रे लेकरा."

तिथं मिटलं असतं. त्रिंबकही फेटा सारखा करून निघाला होता. पण बद्रीनाथ टाचा जुळवून म्हणतो कसा, "उस्ताद, मावशींचं चुकलं नाय. कायदा सरळ बघायचा हाये खरा... पण कायदा नसता, तरी मी तिकडंच बघितलं असतं."

त्रिंबक निघाला होता, तो माघारी फिरला.

त्रिंबक हळू आवाजात म्हणाला, "कस्तुरे, सामान बांध. जीप बाहेर हाये."

कस्तुरा पुढं आली. गाल तापलेले, पण पाऊल तेच, परेडचं. आधी बद्रीनाथकडं वळली.

"हे बोलायला आजचाच दिवस घावला तुम्हाला?"

"तू कधी विचारलंच नाय..."

"सगळं विचारल्यावरच बोलणार का?" ती म्हणाली. मग बापाकडं वळली. "आबा, पोराचं नाव तुमच्या कानावर मी नाय आणलं. आत्यानं आणलं. पण मी खोटंबी बोलणार नाय. मला ह्यो आवडतो."

बद्रीनाथचा तोल गेला. सावधानमध्ये उभा असलेला माणूस जागच्या जागी डुलताना मी पहिल्यांदा पाहिला.

"ऐकलंस आक्का?" त्रिंबक.

"पुढचं ऐका," कस्तुरा म्हणाली. "अधिकाऱ्याच्या ट्रेनिंगला बिनलग्नाचीच पोरगी घेतात. ट्रेनिंग संपेस्तोवर लगीन नाय. सरकारचा नियम हाये. नानासाहेबांच्या पोराशी नाय, अन् ह्याच्याशीबी नाय. तुम्ही आज मला घरी नेलं तर ह्यो सायकलवर सोयगावला येईल. येणार ना हो?"

"येईन," बद्रीनाथ म्हणाला. "घाट हाये वाटेत, पण येईन."

आता जे माझ्या लक्षात आलं ते भावाच्या लक्षात यायला वेळ लागणार, म्हणून मीच बोलले. "त्रिंबक, तुला पोराची धास्ती ना? मग हिला फौजेतच घाल. तिथं बंदूकवाले राखणीला असतात. माझ्या गोठ्यावर काय, एक कुत्रं, तेही ह्यानं सांडलेलं दूध पितं."

त्रिंबकनं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, शेवटी बद्रीनाथकडं. "अन् तू रे? ही अधिकारी झाली, तू नाय झालास तर? बायकोला सलाम ठोकशील?"

"मामा, पहिल्या दिवशी दोन्ही हात वर केलेत मी. आता एक हात उचलायला काय जातंय?"

त्रिंबकला हसू फुटत होतं. त्यानं मिशी पुसायच्या निमित्तानं ते झाकलं आणि जीपकडं एकटाच चालायला लागला. सामान राहिलं माझ्याकडंच.

पुढं कस्तुराची फौजेची मुलाखत पास झाली. बद्रीनाथची नाही झाली. तो बँकेच्या परीक्षेला बसला. ती चेन्नईच्या अकादमीला निघाली तेव्हा आम्ही सगळे स्टेशनावर होतो. पूर्ण वर्षात त्रिंबक त्या पोराशी एक शब्द बोलला नव्हता. तेव्हाही दोघं खांबाच्या दोन बाजूंना उभे.

कस्तुरा खिडकीतून वाकली. "बद्रीनाथ, पत्र टाकाल ना?"

"फोन हाये की."

"फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. पत्रात काहीतरी लिहावं लागंल."

"काय लिहू?"

"ते तुम्हीच ठरवा..." ती म्हणाली, आणि कधी नव्हे ते तिचा आवाज इतका बारीक झाला की पुढचं फक्त त्यालाच ऐकू गेलं. तो गाडीबरोबर चालायला लागला. मग पळायला लागला. मग फलाट संपला.

परत आला तो मान खाली घालून. त्रिंबक फेट्याचा शेमला डोळ्यांना लावून उभा होता. मी काही बोलणार, एवढ्यात त्यानंच त्या पोराचा दंड धरला.

"चल रे, चहा पाज," म्हणाला. "सासऱ्याला असं एकट्याला रडू देतात का?"