पाण्यातला बिल्ला

ऐका तर. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. चिंचवडच्या एका कारखान्यातली लेथवरची सात-आठ मंडळी एका रविवारी अलिबागच्या पलीकडं समुद्रावर निघाली. तिथं मुंबईच्या बड्या लोकांचा खासगी क्लब होता. एरवी आपल्यासारख्याला कुणी कुंपणाला हात लावू देत नाही, पण साहेबांच्या ओळखीनं एक दिवस मिळाला होता. गाडीत सगळे गाणी म्हणत होते. ज्ञानदेव तेवढा खिडकीला डोकं टेकवून गप्प.

कारण कोंडाजी नव्हता. दापोडीचा कोंडाजी, शेजारच्या लेथवरचा, ज्ञानदेवचा जिवाचा दोस्त. समुद्र बघायचा म्हणून त्यानं जन्मभर जीव टाकला. दोनदा दोघांचं ठरलं, दोन्ही वेळा ज्ञानदेवनं ओव्हरटाइमच्या लोभानं मोडलं. पुढच्या खेपेला जाऊ की, समुद्र कुठं पळून चाललाय, असं वर सुनावलं. समुद्र कुठं गेला नाही. कोंडाजीच गेला, काविळीनं, शिमग्याच्या आधी.

क्लबच्या फाटकाशी दोन फळ्या होत्या, एक 'बाहेर' आणि एक 'पाण्यात'. समुद्रात शिरताना आपला पितळी बिल्ला या फळीवरून त्या फळीवर लावायचा, आल्यावर परत. कुणी आत राहिलं तर कळावं म्हणून. अगदी कारखान्याच्या गेटवरचीच रीत, तिथल्या फळ्या 'बाहेर' आणि 'आत' एवढाच फरक, आणि तिथंच ज्ञानदेवचा हात चुकला. कोंडाजीची लोकल रोजची उशिरा, म्हणून सहा वर्षं ज्ञानदेव स्वतःबरोबर त्याचाही बिल्ला 'आत' लावत आलेला. सवयीनं त्यानं दोन उचलले, आपला आणि शेजारचा एक मोकळा, आणि दोन्ही 'पाण्यात' लावले.

लक्षात आलं तसा तो दुसरा बिल्ला काढायला गेला. मग वाटलं, राहू दे. तेवढंच आला म्हणायचं.

कमरेएवढ्या पाण्यात तो उभा राहिला. मंडळी लांब दंगा करत होती. भर दुपारचं ऊन, आणि मागून कुणीतरी त्याच्या बनियनचं टोक मुठीत धरलं. सायकलवर डबलसीट बसला की कोंडाजी अस्संच धरायचा. खाऱ्या वाऱ्यात मशीनच्या तेलाचा वास आला. ज्ञानदेवला मागं वळायचा धीर होईना. वळलं आणि कुणी नसलं तर? त्याला भीती होती ती त्याचीच.

"बघ, कोंड्या..." तो पुटपुटला. "केवढा हाय..."

मूठ घट्ट झाली.

संध्याकाळी क्लबचा राखणदार भिमाजी फळीपाशी खोळंबला. एक बिल्ला अजून 'पाण्यात' होता. मालोजीनं सहल जमवलेली, त्यानं डोकी मोजली, तर बरोबर भरली. शेवटी ज्ञानदेवनं कबूल केलं, की तो चुकून आपणच लावला. भिमाजी हसला नाही.

"मग तुम्हीच काढा, भाऊ. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. नाहीतर पाण्यातलं माणूस... मागनं येतं."

ज्ञानदेव खिळ्यापर्यंत गेला. बिल्ला काढायचा म्हणजे कोंडाजीला समुद्रातून माघारी धाडायचं, आपल्याच हातानं, तेही तिसऱ्यांदा. त्याच्यानं होईना. गाडीचा हॉर्न वाजला आणि तो तसाच निघाला.

सोमवारी त्याचा डोळाच उघडला नाही. अर्धा दिवस बुडाला म्हणत तो धापा टाकत गेटवर पोचला. त्याचा बिल्ला 'बाहेर'च्या फळीवर नव्हता. तो 'आत' लागलेला होता, हजेरीवहीतही वेळेवर. बिल्ला ओला होता, कडेला वाळूचे कण. ज्ञानदेवचे डोळे भरून आले. सहा वर्षांत आपल्यासाठी कुणी बिल्ला लावायची वेळच कधी आली नव्हती.

"पोचलास व्हय रे..." तो हळूच म्हणाला.

मंगळवारी तो मुद्दाम तासभर आधी गेला. रखवालदार नुकतंच गेटचं कुलूप काढत होता. ज्ञानदेवचा बिल्ला 'आत' होता, आणि फळीखाली पाणी ठिबकत होतं.