सुईएवढी धार

ताउनोचा नियमच होता: पारा उणे पंचवीसच्या खाली गेला की स्वयंपाकघरातला नळ विणायच्या सुईएवढ्या धारेने चालू ठेवायचा. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. तो गेल्यावर तीन हिवाळे हेल्वीने नवऱ्याचा हा नियम मोडला नव्हता. आणि आज भर दुपारी नळ कोरडा ठणठणीत!

"बंद केलास ना?" लेक मार्केता म्हणाली. "आई, तुला आता एवढंही आठवत नाही. सोमवारी मी तुला वृद्धाश्रमात नेणार म्हणजे नेणार."

"अगं, चालू ठेवला होता मी..." हेल्वी म्हणाली खरी, पण तिची तिलाच खात्री पटेना. ठेवला होता ना? की ते परवाचं आठवतंय? हे घर सुटलं तर मी कशी जगू, हेच तिला कळेना.

चुलीवर बर्फ वितळवून त्या कढत पाण्यात तिने दोन टॉवेल भिजवले, केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि जमिनीतली फळी उचलून घराखाली उतरली. मार्केता नळ उघडून वरच थांबली. खाली मिट्ट काळोख, कुबट मातीचा वास. नळाच्या बाजूने पाइप शेकत शेकत हेल्वी रांगत गेली. पण बर्फ अडकला होता पार कोपऱ्यात, घराच्या पायाच्या दगडांपाशी. तिथवर वायर पुरेना. टॉवेलही गार पडले. तिला रडूच फुटलं.

ठक्. ठक्. ठक्.

"उघडाच आहे गं नळ!" मार्केता वरून ओरडली. पाइपवर तीन टोले म्हणजे 'नळ उघड', ही ताउनोची खूण.

"मी कुठे ठोकलं..."

पाइप गुरगुरला. वर भसाभसा पाणी आलं. मार्केता नळ तसाच सोडून आनंदाने खाली उतरली आणि तिने टॉर्च कोपऱ्याकडे वळवला. पाइपला करड्या लोकरीचा एक मोजा गुंडाळलेला होता. त्यातून वाफा निघत होत्या.

"आई... हे मोजे तर... आपण बाबांना शवपेटीत घातले होते..."

"मला कशाला विचारतेस?" हेल्वी पुटपुटली. "माझं डोकं ठिकाणावर नाही ना! तूच सांग... तुला दिसतोय?"

"दिसतोय," मार्केता कशीबशी म्हणाली.

दोघीही खालीच होत्या. वरच्या पाण्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, अगदी सुईएवढा. मग डोक्यावरच्या फळ्यांवरून कुणीतरी सावकाश दाराकडे चालत गेलं. एक पाऊल मोज्यातलं, एक अनवाणी.