चौथा दांडा

"माझ्या मालकानं कुणाचा जीव घेतल्याला न्हाई, सायेब. त्येंनी भट्टी बांधली, एवढाच त्येंचा गुन्हा."

दारातून आत पाऊल टाकताच त्या बाईनं एवढं सांगून टाकलं आणि मग ती भिंतीला टेकली. सकाळच्या गाडीनं सातारा रोडला उतरून ती तशीच आली होती. पायांवर धूळ, डोळे सुजलेले.

धुळानं तिला पाण्याचा तांब्या दिला. धुळा लढाईत लष्करी लॉरी हाकून परत आलेला गडी, आटपाडीकडचा. साताऱ्यात खासगी तपासाचं काम करणाऱ्या दादासो जगदाळ्यांची जुनी मोटार आता तो चालवायचा. बाईची बोली ऐकून तो चमकला. ही तर आपल्याच मुलखातली!

"नाव काय तुमचं?" दादासोंनी विचारलं.

"रंगुबाई. ज्योतिबा मिस्त्रीची बायकू."

मग तिनं सांगितलं ते असं. कुंडलजवळच्या मळ्यात सुभेदार लालासाहेबांचा नवा बंगला होता. इटलीच्या लढाईत सुभेदारांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. गारठा सोसेना, उन्हाळ्यातली धग सोसेना. म्हणून त्यांनी ज्योतिबाकडून घरात पत्र्याच्या नळ्या बसवून घेतल्या. मागच्या खोलीत कोळशाची भट्टी, विहिरीवरच्या इंजिनावर फिरणारा पंखा. हिवाळ्यात भट्टीवरची गरम हवा आणि उन्हाळ्यात ओल्या वाळ्याची गार हवा, ज्या खोलीला हवी त्या खोलीला, हवी तेवढीच सोडायची.

काल त्या कामाची पहिली चाचणी होती. दुपारी सुभेदार जेवून झोपले. चार वाजता सून चहा घेऊन गेली, तर ते निपचित पडलेले. कोळशाची विषारी हवा खोलीत भरली होती. सांगलीच्या दवाखान्यात ते अजून बेशुद्धच होते आणि ज्योतिबा चौकीत होता.

"फौजदार म्हनत्यात, काम कच्चं केलं. सुभेदार गेलं तर मानूस मारल्याचा खटला हुईल."

"आणि ज्योतिबा काय म्हणतो?"

"तारा, दांडं, मला काय कळतंय सायेब? येकच सारखं म्हनत्यात. सुभेदारांनी सांगितलं म्हून केलं, त्यास्नीच इचारा."

"काय केलं?"

"त्येच तर समजलं न्हाई."

दादासोंनी कोट अंगात चढवला. "धुळा, गाडी काढ."

*

डिसेंबर १९४५. आभाळ भरून आलेलं, बोचरं वारं. कराड मागं टाकून ते मळ्यात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गुऱ्हाळाचा वास सगळ्या शिवारात पसरला होता, पण बंगल्यात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. धुळाला मिस्त्रीच्या बायकोकडं बघवत नव्हतं. ती पायरीवर बसली ती हललीच नाही.

फौजदारांनी त्यांना मधल्या बोळात नेलं. भिंतीवर सागवानी फळी आणि फळीवर ओळीनं चार लोखंडी दांडे, पहिला सुभेदारांच्या दाराजवळ, चौथा बोळातल्या त्यांच्या आरामखुर्चीजवळ. प्रत्येक दांड्याला तार जोडलेली, ती छतातून एकेका खोलीच्या नळीपर्यंत गेलेली. दांडा वर केला की नळीतलं झाकण उघडायचं, खाली केला की मिटायचं. शेजारी भिंतीवर ज्योतिबानं गेल्या महिन्यात कोळशानं आकृती काढून ठेवली होती. पहिला दांडा सुभेदारांच्या खोलीचा, दुसरा बैठकीचा, तिसरा सुनेचा, चौथा पाहुण्यांच्या खोलीचा.

"काल आम्ही आलो तेव्हा पहिले तीन खाली होते, चौथा तेवढा वर," फौजदार म्हणाले. "त्या खोलीत काल उतरलेला पाहुणा ठणठणीत आहे. सुभेदारांचं झाकण मिटलेलं असूनही विष त्यांच्याच खोलीत शिरलं. म्हणजे झाकणच गळकं! दुसरा अर्थ काय?"

"भट्टी दाखवा."

भट्टीच्या मागं हवेच्या मोठ्या नळीला राख काढण्यासाठी एक पत्र्याचं झाकण होतं, मातीनं लिंपलेलं. ते निखळून खाली पडलं होतं. दादासो उकिडवे बसले. लिंपणाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही माती सुकून गळालेली नाही, फौजदारसाहेब. खुरप्यानं सरळ कापली आहे. आणि धुराड्याचा पडदा?"

"मिटलेला होता."

"पेटत्या भट्टीवर? धुराडं बंद, झाकण उघडं. कोळशाला धूर नाही, वास नाही. ती हवा नळीत शिरणार आणि जो दांडा वर असेल त्या खोलीत जाणार. हे कुणीतरी जाणूनबुजून केलंय."

फौजदारांच्या कपाळाला आठी पडली. "मग मिस्त्रीनंच केलं असेल."

"कशासाठी? स्वतःच्याच कामाला काळं फासायला?"

धुळानं बंगल्याकडं वळून पाहिलं. या घरातलाच कुणीतरी होता. आणि सुभेदार दवाखान्यात वाचले, तर तो पुन्हा हात घालणार नाही कशावरून?

*

दादासोंनी एकेकाला बोळात बोलावलं, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं.

पहिले आले नाथाजी, सुभेदारांचे धाकटे भाऊ. गुऱ्हाळावरून तसेच आलेले, हातांवर काकवीचे डाग.

"हे खूळ घरात आणू नगा, असं मी थोरल्या भावाला, आबाला, लय बजावलं हुतं," ते चिडून म्हणाले. "काल सकाळी ह्या बोळात उभं ऱ्हाऊन त्या मिस्त्रीची खटपट बघितली, वैतागून गुऱ्हाळावर गेलो, त्यो सांजपतोर तिथंच. धा मानसं सांगतील."

"सुभेदारांच्या खोलीचा दांडा कुठला?"

नाथाजींनी हनुवटीनं चौथा दाखवला. "ह्यो, खुर्चीजवळचा."

धुळा भिंतीवरच्या आकृतीकडं बघत राहिला. आकृती तर पहिला म्हणत होती! नाथाजी चुकले, की मुद्दाम चुकवताहेत? दादासोंनी मात्र नुसती मान हलवली.

मग लीलाबाई आली. सुभेदारांची सून, जेमतेम बावीस वर्षांची. तिचा नवरा हैबती इटलीतच पडला होता. डोक्यावरचा पदर सावरत ती खाली बघून बोलत होती, पण आवाज ठाम होता.

"दुपारी जेवून खोलीत गेल्यावर मामंजी म्हणाले, गार लागतंय. मी त्येंची हवा सोडली. मग उकडाय लागलं म्हणाले, तवा बंद केली. मग ते झोपले."

"कुठला दांडा?"

"ह्यो शेवटचा."

"चार वाजता काय झालं?"

"दार उघडलं तर मामंजींचा चेहरा लालबुंद, हाक मारली तरी हूं न्हाई की चूं न्हाई. मी खिडक्या उघडल्या आन् वरडले. गुंडाभाऊजी पळत आले. पर ते आधी पाव्हण्यांच्या खोलीकडंच पळाले. मी म्हटलं, आवं इकडं, मामंजींना काय झालंय बगा! तवा वळले. आन् मामंजींना बघून मटकन खालीच बसले."

"गुंडा कोण?"

"ह्यांचे दोस्त. येकाच पलटणीत हुते. गोळ्या चालू असताना ह्यांना पाठीवर घेऊन त्येंनीच आणलं. ह्यांनी त्येंच्याच मांडीवर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "तवापासून मामंजींनी त्येंना लेकावानी घरात ठेवलंय. मळ्याचं समदं तेच बघत्यात. भट्टीच्या कामातबी मिस्त्रीच्या हाताखाली तेच हुते."

तिसरा गुंडा. तिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा, रडून रडून डोळे लाल झालेला. काल सुभेदारांना उचलून मोटारीत घालून सांगलीला यानंच नेलं होतं, आणि रात्रभर उशाशी बसून सकाळी कपडे न्यायला तो परत आला होता.

"काल दिवसभर तू कुठं होतास?"

"सकाळी बैलगाडी घिऊन ठेसनावर गेलो. पाव्हणा येनार हुता, आबांनी धाडलं. बारा वाजता परत आलो, जेवलो, मग गोठ्यात."

"हा पाहुणा तुझ्या ओळखीचा?"

"पलटणीतला हाय." गुंडानं नजर वळवली.

"सुभेदारांचा दांडा कुठला रे?"

"पयला. त्यांच्या दाराजवळचा. आन् त्यो तर खालीच हुता सायेब, मग आबांच्या खोलीत ती हवा गेलीच कशी? त्येच मला कळंना!" त्याचा आवाज फाटला. त्या प्रश्नात खोटं काही नव्हतं, हे धुळाला पक्कं जाणवलं.

शेवटी पाहुणा. अर्जुना त्याचं नाव, कृश, एका पायानं लंगडणारा.

"माझी खोली तर बर्फावानी हुती सायेब. घोंगडं वढून झोपलो."

"तुमच्या खोलीत गरम हवा आलीच नाही?"

"न्हाई."

"इथं कशासाठी आलात?"

अर्जुना जरा थांबला. "सुभेदारांस्नी हैबतीबद्दल कायतरी सांगायचं हाय. जेवताना मी तसं बोललो, सगळ्यांच्या म्होरं. ते म्हनाले, झोप झाल्यावर निवांत बोलू. आता आधी त्यास्नी सांगीन, मग दुसऱ्याला."

*

"डोकं गरगरायला लागलं, दादासो," धुळा अंगणात म्हणाला. "दोघं म्हनत्यात चौथा, गुंडा म्हनतोय पयला, आकृतीबी पयलाच म्हनतीया. त्या दोघांनी मिळून तर डाव टाकला नसंल?"

"खरं कोण बोलतंय, ते नळीच सांगेल. ओला लिंबाचा पाला आण, मूठभर ऊदही."

फौजदारांनी ज्योतिबाला चौकीतून आणवलं. सगळे बैठकीत जमले. दादासोंनी मधली दारं उघडी ठेवायला सांगितली. इंजिन सुरू झालं, भट्टीत पाला आणि ऊद पडला, कापलेल्या झाकणातून धूर नळीत घुसला. दादासोंनी चौथा दांडा वर केला.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

पाहुण्यांची खोली स्वच्छ राहिली. धूर आला सुभेदारांच्या खोलीत, आणि भसाभसा आला.

"आता पहिला," म्हणत त्यांनी चौथा पाडला आणि पहिला उचलला. सुभेदारांच्या खोलीतला धूर जागच्या जागी तुटला आणि पाहुण्यांच्या खोलीत लोट उठले.

"झाकणं गळकी नाहीत, फौजदारसाहेब. काम चोख आहे. फक्त तारा बदललेल्या आहेत. ज्योतिबा, सुभेदारांनी तुला काय सांगितलं होतं?"

"काल सकाळी ते म्हनाले, माझा दांडा खुर्चीजवळ पायजे, बसल्या जागी हात पोचला पायजे. म्हून पयल्या आन् चौथ्याच्या तारा अदलाबदल केल्या. आकृती तेवढी पुसायची ऱ्हायली. जेवनानंतर मी विहिरीवर इंजिनापाशी हुतो. मी फौजदारसायबांना सांगितलं, पर..."

फौजदारांनी खाकरून मान खाली घातली.

"बदल झाला तेव्हा नाथाजी इथं उभे होते," दादासो पुढं बोलू लागले. "लीलाबाईंनी जेवणानंतर चौथाच दांडा उचलला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. या दोघांपैकी कुणी चौथा उघडला असता, तर सुभेदारांना मारायलाच. पण नाथाजी गुऱ्हाळावर होते, आणि लीलाबाईंनीच खिडक्या उघडून आरडाओरड केली. ज्यानं तो उघडला त्याला सुभेदारांना मारायचं नव्हतंच. त्याला पाहुण्यांची खोली हवी होती. जुन्या आकृतीप्रमाणं चौथा म्हणजे पाहुण्यांची खोली. तारा बदलल्या तेव्हा घरात कोण नव्हतं? जो स्टेशनवर गेला होता तो."

सगळ्यांच्या माना वळल्या. गुंडा भिंतीला खिळल्यासारखा उभा होता.

"मला विचारलंस, आबांच्या खोलीत हवा गेलीच कशी? निरपराध माणसाला दुसरा प्रश्न पडला असता, की हे केलं कुणी. आणि लीलाबाई ओरडल्या तेव्हा तू कुठं पळालास? पाहुण्याच्या खोलीकडं. प्रेत तिथं सापडेल अशी तुझी खात्री होती. मिस्त्री विहिरीवर इंजिनापाशी होता, गोठ्यात जातो म्हणून तू भट्टीपाशी गेलास. दोष मिस्त्रीच्या कामावर गेला असता. अर्जुना काय सांगणार, याची तुला एवढी धास्ती का होती, गुंडा?"

गुंडानं अर्जुनाकडं पाहिलं.

"मी हैबतीला आणला न्हाई पाठीवरनं," तो म्हणाला. "नदीकाठी टाकून पळालो. लय गोळ्या हुत्या. मला वाटलं, गेलाच त्यो. हितं आलो तर आबांनी गळ्यात पडून इचारलं, माझा हैबती तुझ्याजवळ हुता का? मी व्हय म्हनालो. मग रोज तेच सांगत गेलो. ठेसनावर ह्याला बघितलं आन् पायाखालची जिमीन सरकली. ह्याच्याच तुकडीनं हैबतीला उचललं हुतं, हे मला मागनं कळलं हुतं. आबांनी मला दारात हुभं केलं नसतं... पर आबांना न्हाई हो सायेब! आबांच्या केसाला धक्का लावला नसता मी!"

लीलाबाईनं तोंडावर पदर दाबून घेतला.

अर्जुना लंगडत पुढं आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय केलंस रं गड्या," तो म्हणाला. "तुझी चुगली कराय आल्तो व्हय मी? हैबती दोन दिस जित्ता हुता. माझ्या हातात गेला. जाताना म्हनला, गुंडाला मीच पळ म्हनून हुकूम दिला. न्हाईतर दोघंबी मेलो असतो. त्यो त्येच मनाला लावून घील, म्हून आबास्नी सांग, गुंडाला घरात ठिवून घ्या. एवढाच निरोप सांगाय आलो मी."

गुंडा जमिनीवर कोसळला. कपाळ फरशीवर टेकून तो असा काही रडला, की लढाईत कितीतरी माणसं मरताना पाहिलेल्या धुळालाही तिथं थांबवेना. तो बाहेर आला. पायरीवर ज्योतिबा आधीच बायकोशेजारी येऊन बसला होता. रंगुबाई त्याच्या मनगटावरचे दोराचे वळ चोळत होती.

*

तिसऱ्या दिवशी सांगलीत सुभेदारांनी डोळे उघडले. दादासो, धुळा, अर्जुना आणि लीलाबाई खाटेजवळ उभे होते. सुभेदारांची नजर सगळ्यांवरून फिरली.

"गुंडा कुठाय?"

दादासो बोलणार तेवढ्यात लीलाबाई पुढं झाली. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. नदीकाठ, खोटी कहाणी, भट्टी, आणि हैबतीचा निरोप. सांगताना तिचा आवाज एकदाच कापला.

सुभेदारांनी भिंतीकडं तोंड केलं. पांघरुणाखाली त्यांचे खांदे हलत होते.

"पोरी," ते तसेच भिंतीकडं बघत म्हणाले, "त्याच्यासाठी एखादा चांगला वकील बघ."