न झालेला बिघाड

उदगीरहून देगलूरला निघालेल्या बसमध्ये मंजुश्रीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली एक पेटी होती. शेजारच्या तरुणाने आधी पेटीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "मिक्सर का?"

"सर्व्हर. बारावीचे धडे आहेत यात."

वळणावर पेटी घसरली तेव्हा चार हात एकदमच तिच्यावर पडले... त्यांतले दोन निघायला जरा उशीर झाला. तो आदिनाथ, ती जिथे निघाली होती, त्याच अभ्यासिकेत भौतिकशास्त्र शिकवणारा.

लातूरच्या ज्या शिकवणीवर्गात मंजुश्री अभियंता होती, त्याचे व्हिडिओ देगलूरची मुले पाहत. अडचण साधी होती. साठ मुले एकच धडा उघडत आणि तो लातूरहून साठ वेळा निघे. इंटरनेटच्या बारीक लाइनवर चित्र गोठे. तिचा उपायही साधा होता. धडा पहाटे एकदाच आणून पेटीत ठेवायचा, मग तो सर्वांना भिंतीपलीकडूनच मिळेल.

जुळवणीसाठी ती काही आठवडे येत राहिली. आदिनाथ चहा आणी, शंका विचारी. पेटी भरली तर कोणता धडा काढणार? बरेच दिवस ज्याची कोणी आठवण काढली नाही तो, असे तिने सांगितले.

"लई कठोर हाय तुमची पेटी," तो म्हणाला. हसू लपवायला ती उगाच वायर तपासू लागली.

रचणाऱ्याला पुन्हा यावे लागू नये, हीच चांगल्या रचनेची कसोटी, असे तिने त्याला अभिमानाने ऐकवले होते. पेटी सुरळीत चालू लागली आणि परतीच्या बसमध्ये त्या अभिमानाचा अर्थ तिला उमगला. आता देगलूरला यायला कारण उरले नव्हते. पुराव्याशिवाय भावनांबद्दल बोलू नये असे तिचे मत होते, आणि चहा हा काही पुरावा नव्हे.

पंधरवड्याने त्याचा फोन आला. व्हिडिओ बंद पडलेत, यावे लागेल.

ती पोचली तेव्हा मुले निवांत धडा पाहत होती. पेटीमागे मात्र लातूरकडून येणाऱ्या लाइनची वायर काढून, नीट गुंडाळून ठेवलेली. आदिनाथ दारात उभा होता, कानांपर्यंत लाल.

"सर, ही काढली तरी धडे चालतात. त्यासाठीच तर पेटी बसवली."

"काढली अन् लगेच फोन लावला... चालू हाय का ते बघितलंच न्हाई."

"आणि खरंच बंद पडले असते तर? मुलांचं काय?"

"मी शिकवणार होतो की. बिघाड न्हाई म्हटल्यावर तुम्ही कशाला येताल?"

तिने वायर जागेवर बसवली. हिरवा दिवा लागला तरी ती वळली नाही. "बिघाडाशिवायच बोलवायचं होतं," ती म्हणाली.

"काय म्हणून?"

"ते तुम्ही सांगा."

"बघावंसं वाटत होतं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "रोजच."

मंजुश्रीने पिशवी खांद्याला लावली. दारापाशी, त्याच्या अगदी जवळ, थांबली.

"रविवारी उदगीरला आमच्या घरी या. काय काम काढलं, असं आप्पा विचारतील. तेव्हा खोटं सांगू नका—तुम्हाला जमत नाही."