सगळ्यांनी लिहायची यादी

पुस्तक ग्रंथालयात आहे, पण नेमकं कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. मग ते असून उपयोग काय?

मंगळावरच्या वसाहतीत अकरा वर्षांची शर्वाणी नऊ दिवस याच प्रश्नाशी झगडत होती. सौरवादळात (सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या माऱ्यात) ग्रंथपाल यंत्रमानवाची स्मृती जळून गेली होती. चाळीस हजार पुस्तकं तितक्याच काचेच्या चकत्यांवर शाबूत होती. पण चकत्यांवर नुसते आकडे, आणि कोणत्या आकड्यात कोणतं पुस्तक, ही यादी फक्त त्या यंत्रमानवाकडे. तिकडे प्राणवायू देणाऱ्या शेवाळाच्या तीन टाक्यांपैकी दोन रोगाने काळ्या पडल्या होत्या. औषधाचं पुस्तक या चकत्यांतच कुठेतरी होतं.

"आपल्या दोघांकडून दिवसाला शंभर चकत्या तपासून होतात," तिचे आजोबा, शास्त्रज्ञ तात्या रेगे म्हणाले. "सगळ्या बघायला वर्षाहून जास्त लागेल. उरलेली टाकी महिनाही काढणार नाही."

"मग सगळ्यांनाच तपासू द्या ना, तात्या!"

तात्यांनी हातातली चकती खाली ठेवली.

"तशी सोय होती, शर्वे. विकी. म्हणजे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं अशी सामाईक पानं. लोक चुका करतात म्हणून मीच ते बंद करवलं."

"पण चुकीचं लिहिलं तर काय करायचं?"

"दुसरा सुधारतो. प्रत्येक पानाचा इतिहास (आधी काय होतं, कुणी कधी बदललं याची नोंद) राहतो, त्यामुळे बिघडलेलं पान पूर्ववत करता येतं. जोडीला चर्चापान असतं. तिथे एका वसाहतीच्या ग्रंथालयाने विचारायचं, दुसऱ्या वसाहतीच्या ग्रंथालयाने सांगायचं. प्रती सगळीकडे असतात, यादी एकाच डोक्यात अडकून राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं गं."

त्याच दुपारी विकी पुन्हा सुरू झालं. दोनशे माणसं चकत्या उघडून नोंदी करू लागली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या गोदाक्कांनी लिहिलं, "आकडा ३१४०७. शेवाळाचे रोग."

पण तिसरी टाकी आदल्या दिवशीच काळी पडली होती. औषध मिळालं, वाचवायला शेवाळ उरलं नव्हतं. साठवलेला प्राणवायू जेमतेम दोन महिन्यांचा.

तात्या टाकीच्या काचेला कपाळ टेकून उभे राहिले. "दोन दिवस आधी सुरू केलं असतं तर..." शर्वाणीला त्यांची समजूत घालता येईना, कारण ते खरंच होतं.

ती ग्रंथालयात गेली. चर्चापानावर तिने पुस्तकाचा आकडा आणि औषधाचं पान दिलं आणि लिहिलं, "औषध सापडलं. आमचं शेवाळ मेलं."

संध्याकाळी पलीकडच्या वसाहतीच्या ग्रंथालयाचं उत्तर आलं. "आमच्याही टाक्या काळ्या पडल्यात, एक अजून हिरवी आहे. औषधाचं पान उतरवून घेतलं. बरणीभर शेवाळ घेऊन गाडी निघाली आहे. पोचायला एकोणीस दिवस लागतील."

एकोणीस दिवस ते बरणीत जगेल का? शर्वाणीला माहीत नव्हतं. तात्यांनाही नव्हतं. तिने खाली लिहिलं, "प्रवासात शेवाळ जिवंत कसं ठेवायचं? ज्याला थोडंसंही ठाऊक असेल, त्याने लिहावं."