मीनाक्षीबाईंचा नेम चुकला

नव्या माणसाला रीतभात म्हणून नव्हती. गुहेच्या तोंडाशी सगळे जमलेले, ज्ञानदाचे बाण अजून भरायचे राहिलेले, आणि हा गडी तलवार उपसून सरळ आत. ना नमस्कार, ना 'येऊ का'. आत दबा धरून बसलेली झाडून सगळी भुतं त्याने अंगावर ओढून घेतली, ती वरात घेऊन तो परत ह्यांच्याकडेच पळत आला, आणि बघता बघता सगळे आडवे.

"विनय," मीनाक्षीबाईंनी हेडफोन नीट केला, "हे कोण आणलंस?"

"काकू, आमच्या शेजारचे राजाराम काका. एक जण कमी पडत होता म्हणून म्हटलं…"

"कमी पडला असता तर बरं झालं असतं."

दर शनिवारी दुपारी ही मंडळी कॉम्प्युटरवर जमायची. एकमेकांना कधी बघितलेलं नाही, फक्त आवाज ओळखीचे. सगळे अमेरिकेत, पण वेगवेगळ्या टोकांना. विनय वाळवंटातल्या चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत. खेळात तो टँक, म्हणजे ढाल घेऊन सगळ्यांत पुढे उभं राहून मार खाणारा. ज्ञानदा कॅरीला शिकत होती, ती धनुष्य चालवायची. आणि मीनाक्षीबाई पार उत्तरेच्या थंडीत, ईडन प्रेरीला मुलाच्या, मिहीरच्या घरी. त्या हीलर. कुणाला जखम झाली की त्यांच्या काठीतून सोनेरी उजेड त्याच्या अंगावर पडायचा आणि तो पुन्हा लढायला मोकळा.

शाळा त्यांची पाचवीतच सुटली होती. नवरा गेल्यावर मिहीरने त्यांना इकडे आणलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पडून पडून जीव विटला, म्हणून त्यानेच हा खेळ लावून दिला. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, चित्रं आणि रंग मात्र पाठ होते. सुरुवातीला नुसता रानातला झाडपाला खुडायच्या. आता त्यांना विचारल्याशिवाय गुहेत कुणी पाऊल टाकत नव्हतं.

हे नवे गृहस्थ सोडून.

"अहो, तोंड आहे ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मग एक जड, सावकाश आवाज आला. "आहे. वापर कमी आहे सध्या."

ज्ञानदा खुदकन हसली.

"इथं मेलं की काय होतं?" त्याने विचारलं.

"उठायचं, आणि लांबून चालत यायचं."

"उठता येतं ना पण… मग काही हरकत नाही."

बोलला अगदी साधेपणाने. पण मीनाक्षीबाईंना ते साधं वाटलं नाही. खिडकीबाहेर सकाळपासून बर्फ पडत होता, आणि आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. मागून विनयने हळूच त्यांना एकटीला सांगितलं, काकांची बायको गेलीय. मुलीकडे राहतात. दिवसभर कुणाशी बोलत नाहीत.

पुढच्या शनिवारी बाईंनी त्यांना फैलावर घेतलं.

"आल्यावर नमस्कार करायचा. आत शिरण्याआधी माझ्याकडे बघायचं."

"तुमच्याकडे?"

"माझ्या निळ्या रेघेकडे. ती भरलेली असली तर माझ्याजवळ औषध आहे. रिकामी असली तर गप उभं राहायचं."

"आणि भरल्यावरही बघतच राहिलो तर?"

ज्ञानदाला एकाएकी खोकला आला. मीनाक्षीबाईंचे कान तापले, पण आवाज त्यांनी तसाच ठेवला. "तर मार खाल. आणि औषध देण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी विनय. तो पडला की सगळे पडतात. मग मी. तुम्ही सगळ्यांत शेवटी."

"शेवटी का होईना," राजाराम म्हणाले, "क्रमात आहे ना."

माणूस शिकला, पण हळूहळू. एकदा मेलेल्या राक्षसाजवळ पडलेली काठी उचलून मोकळा झाला. स्वतः तलवारवाला.

"ती काठी तुमच्या काय कामाची?"

"तुमच्यासाठी उचलली."

"आधी विचारायचं, कुणाला हवी का म्हणून. न विचारता उचललेलं मी घेत नाही."

त्यांनी ती मुकाट्याने जमिनीवर ठेवली. मग खेळातला त्यांचा धिप्पाड योद्धा कमरेत वाकला, आणि तो जड आवाज म्हणाला, "मीनाक्षीबाई, ही काठी तुम्हाला हवी का?"

"…द्या."

पुढे पुढे दोघं बाकीच्यांच्या आधी यायला लागले. खेळात एक तळं होतं, तिथं नेहमी झिमझिम पाऊस. बाईंची हिरव्या झग्यातली वैदीण काठावर बसायची, शेजारी तो योद्धा. आधी हातभर अंतर सोडून. मग वीतभर.

"खिडकीबाहेर काय आहे तुमच्या?" राजारामांनी एकदा विचारलं.

"बर्फ. त्यावर चिखल. त्यावर परत बर्फ. तुमच्या?"

"ऊन, आणि भिंत. इकडे पाऊस बघायचा तर इथंच यावं लागतं."

"पावसासाठी येता होय?"

"नाही," ते म्हणाले.

मीनाक्षीबाई शनिवारी जेवण आटोपलं की केस विंचरायच्या, टिकली नीट करायच्या, धुतलेली साडी नेसायच्या. मिहीरच्या ते लक्षात आलं.

"आई, कॅमेरा ऑफ असतो ना तुमचा?"

"मग?"

"नाही… सहज विचारलं."

"सहज विचारायचं असेल तर चहा विचार."

थंडी हटायचं नाव घेत नव्हती. अशाच एका शनिवारी तळ्याकाठी राजाराम म्हणाले, "मी सांगलीला परत जातोय. कायमचा. भाऊ आहे तिथं. मुलगी माझी चांगली आहे हो… पण मी तिच्या घरात सोफ्यावरच्या उशीसारखा आहे. कुणी आलं की इकडून उचलायचं, तिकडे ठेवायचं."

"कधी?"

"मंगळवारचं विमान आहे."

मीनाक्षीबाईंना पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण ह्या वयात, मुलासुनेच्या घरात राहून, न बघितलेल्या माणसाला थांबा कसं म्हणायचं? आणि तो म्हणाला की कशाला, तर?

"विमानात पाय सुजतात," त्या म्हणाल्या. "घट्ट मोजे घाला."

"बरं," राजाराम म्हणाले. मग पुन्हा, "बरं."

त्या दिवशी ठरला होता डोंगरातला म्हातारा ड्रॅगन. अख्खा हिवाळा तो त्यांना हरवत आला होता. आज मात्र सगळं जमत होतं. विनय ढाल रोवून उभा, ज्ञानदाचे बाण नेमके डोळ्यावर. राजाराम मागच्या बाजूने वार करत होते, सांगितलं तिथून पाऊलभरही न हलता. ड्रॅगनच्या जिवाची तांबडी रेघ नखाएवढी उरली. बाईंची निळी रेघ त्याहूनही कमी, एकाच माणसापुरतं औषध.

ड्रॅगनने मान वळवली आणि आग ओकली. विनय गुडघ्यावर आला. मागे राजारामही कोसळायला आले.

"काकू, मला," विनय म्हणाला. "काकू, मला द्या."

त्यांनी ते ऐकलं. बोट मात्र दुसरीकडे गेलं.

सोनेरी उजेड पडला तो राजारामांच्या अंगावर. सगळ्यांच्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत. विनय आडवा झाला, मग ज्ञानदा, मग खुद्द मीनाक्षीबाई. त्या काळ्या गुहेत उजेडात न्हालेला एकच माणूस उभा राहिला.

"काका, पळा," विनय ओरडला. "बाहेर पळा. एक जण वाचला तर सगळ्यांना इथंच उठता येतं, लांबून चालत यावं लागणार नाही."

राजाराम पळाले नाहीत. त्यांचा योद्धा शांतपणे चालत हिरव्या झग्याजवळ आला आणि तिच्या शेजारी बसला. तलवार खाली ठेवली. ड्रॅगन आला आणि त्याने त्यांनाही संपवलं.



"काकू," ज्ञानदा हळूच म्हणाली, "टँक आधी ना?"

बोट घसरलं म्हणता आलं असतं. मीनाक्षीबाईंनी ते म्हटलं नाही. चहाचा कप घेऊन मिहीर दारात उभा होता, किती वेळ कोण जाणे. तो पडद्याकडे बघत होता, मग त्याने आईकडे बघितलं, टिकलीकडे, आणि कप तसाच हातात धरून राहिला.

विनय बिचारा सारवासारव करायला लागला. "जाऊ द्या हो काकू. नेक्स्ट सॅटर्डे परत ट्राय करू. काका तर मंगळवारी चालले, त्यांच्या जागी माझ्या ऑफिसातल्या एकाला आणतो."

"हो, आण," राजाराम म्हणाले. आवाज पहिल्या दिवशीसारखाच, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "माझ्यापेक्षा बरा खेळेल. मला आज… मला एवढं द्यायला नको होतं तुम्ही. येतो मी."

मिहीरने कप टेबलावर ठेवला आणि जायला वळला.

"थांब इथंच," मीनाक्षीबाई त्याला म्हणाल्या. "तूही ऐक." त्यांनी हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढला.

"राजारामराव, जाऊ नका अजून. तुम्ही खेळता वाईट. पळा म्हटलं की येऊन बसता. मरायची तुम्हाला हौस आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही. आज मी ज्याला द्यायचं त्याला न देता तुम्हाला दिलं, आणि पुन्हा वेळ आली तरी तेच करीन, मग विनय मला कितीही शिव्या घालो. सांगलीला जायचं तर जा, भावाला भेटा, मी अडवणार नाही. पण विनयने सोन्याचा माणूस आणून उभा केला तरी तुमच्या जागी मला दुसरं कुणी नको."