कावळबेटावरची खुलना

कोजागिरीच्या आत चौदा म्हशी कावळबेटावरून गावात आणायच्या. मोहीम म्हणाल तर एवढीच! पण मध्ये वसईची खाडी होती, आणि मोहिमेचा सरदार एका पायाने लंगडा होता.

सरदार म्हणजे हवालदार काळूराम. बांगलादेशच्या लढाईत पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. डाव्या मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन घरी आला, तेव्हा खारपाड्यातली माणसं मोठ्या मायेने म्हणाली, "आता बस बाबा, कुठंतरी गेटावर खुर्ची टाकून." काळूराम बसला नाही. मुंबईच्या तबेल्यांतल्या आटलेल्या, कोणाला नको झालेल्या म्हशी तो एकेक करून घेऊन आला. त्यांना जगवलं, पुन्हा दुधावर आणलं. बघता बघता कळप उभा राहिला आणि गावाची मायाही जरा कमी झाली. म्हशींची नावं त्याने लढाईतली ठेवली होती. खुलना, जेसोर, मेघना, पद्मा! संध्याकाळी तो त्यांना हाका मारू लागला की त्याच्या बायकोला, सत्यवतीला, रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटे.

शेतात भात उभं असताना गावात जनावर मोकळं सोडायचं नाही, ही खारपाड्याची रीत. म्हणून पावसाळा सरता सरता म्हशी पोहवत कावळबेटावर न्यायच्या आणि कापणी झाली की परत आणायच्या. बेटावर माणूस राहत नाही. गवत, तिवरांच्या खारफुटीची दाटी आणि पावसाच्या पाण्याचं एक तळं, एवढंच.

यंदा मात्र पाचूबंदरचा गॅब्रिएल कापणीच्या आधीच निरोप घेऊन आला. होडी घेऊन तो खाडीभर मासळीला हिंडे.

"हवालदार, अवसेच्या उधानाला बेटाचा बांध फुटला. तुझ्या म्हशी गुडघाभर पान्यात उभ्या व्हत्या. कोजागिरीचं उधान तर याहून मोठं. मग बघ काय ते!"

काळूराम तडक उठला. कोपऱ्यातली काठी उचलली आणि नथूचं घर गाठलं. मागोमाग गॅब्रिएल आणि सत्यवतीही.

नथू त्याचा चुलतभाऊ. खाडीचं पाणी अष्टमी-नवमीला मंदावतं, त्याला भांग म्हणतात. भांगातही ओहोटी संपून पाणी थबकतं, तेवढ्या वेळातच म्हशी पाण्यात घालायच्या. ही वेळ तिथीवरून काढतात, आणि ती काढायचा मान नथूच्या घराण्याचा. नवरात्र चालू होतं, त्यामुळे त्याला फारसं डोकंही चालवावं लागलं नाही. घटावर रोज एक माळ चढते; माळा मोजल्या की तिथी हातात!

"आज नवमी," नथू छाती काढून म्हणाला. "दुपार चांगली कलली की पानी थांबंल. उद्यापासून चढतं पानी. जायचं तर आजच."

"मी पन येते," सत्यवती म्हणाली.

"तू कशाला?" काळूराम म्हणाला. "ही काय जत्रा हाय?"

"तुमचा पाय आखडला तर चोळायला कोन? गॅब्रिएल?"

गॅब्रिएलने हात जोडले. "हवालदार, बायला घे. मना ते जमनार नाय."

असे चौघे निघाले. होडीतून कावळबेट जवळ येऊ लागलं, तसं हिरव्यागार तिवरांच्या माथ्यावर पांढरे बगळे दिसू लागले, आणि इतकं शांत वाटत होतं की सत्यवतीला क्षणभर आपण खरोखरच जत्रेला निघालो आहोत असं वाटलं. काठावर पाय ठेवला आणि ती मांडीपर्यंत चिखलात गेली. जत्रा संपली!

बेटाची दशा वाईट होती. उधाणाचं पाणी गोड्या तळ्यात शिरलं होतं. सत्यवतीने ओंजळभर चाखलं आणि थुंकलं. मीठ! म्हशी उंचवट्यावर दाटीने उभ्या होत्या. बरगड्या दिसत होत्या, जिभा कोरड्या. काळूरामला पाहून खुलना, सगळ्यांची पुढारीण, मान खाली घालून त्याच्या छातीवर डोकं घासू लागली.

"तेरा," काळूराम म्हणाला. "जेसोर कुठंय?"

जेसोर सापडली तिवरांच्या आत. व्यायली होती! तिचं रेडकू दलदलीत पोटापर्यंत रुतलेलं, आणि ती त्याच्यापाशी उभी राहून वेड्यासारखी ओरडत होती. नथू पुढे धावला आणि तोही कमरेपर्यंत रुतला.

"हलू नको, नथ्या!" काळूराम ओरडला. "सत्यवती, कोयती दे! गॅब्रिएल, फांद्या तोड. लांब लांब!"

लंगडा माणूस चिखलावर पालथा झोपला. फांद्यांचा एक थर आडवा, त्यावर एक उभा, पुन्हा आडवा. बंगालच्या दलदलीत अशाच सडका करून त्याने तोफा पलीकडे नेल्या होत्या. सत्यवतीने या सडकांच्या गोष्टी शंभरदा ऐकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ऐकता ऐकता तिला झोप लागली होती. आज ती डोळे मोठे करून बघत राहिली. आधी रेडकू बाहेर आलं. मग नथू.

"आधी रेडकू काय?" नथू फणफणला.

"ते गप उभं व्हतं," काळूराम म्हणाला.

सत्यवतीने रेडकू खांद्यावर घेतलं. जेसोर मागोमाग. हसत-खिदळत सगळे काठावर आले आणि गॅब्रिएल एकदम थांबला.

"होडी तरंगते!"

होडी त्याने उघड्या चिखलावर ठेवली होती. आता तिच्याखाली पाणी होतं. भरती लागून कितीतरी वेळ झाला होता!

"नथ्या," काळूराम हळूच म्हणाला, "माळा किती?"

"आठ... पन मधी एक दिस कृष्णाबायनं माळच नाय बांधली. आमचं भांडान झालं व्हतं. मना वाटलं इसरली रागात. म्हनून मी एक मिळवली."

"अवो भावजी!" सत्यवतीने कपाळावर हात मारला. "गुरुजींनी सांगितलं व्हतं तिला. यंदा एक तिथी दोन दिस हाय, म्हनून माळ एकच. आज अष्टमीच, पानी कवाच थांबून फिरलं! बायकोला एकदा इचारायचं तरी!"

"बोलतच नव्हतो आमी."

रागवायलाही वेळ मिळाला नाही. तहानेने कावलेल्या खुलनेला पलीकडचं गाव दिसत होतं. गोडं पाणी तिकडे होतं. तिने कोणाची वाट पाहिली नाही. धप्प! ती पाण्यात शिरली आणि तिच्यामागे जेसोर सोडून सगळा कळप!

"खुलना! फिर मागं!"

ती फिरली नाही. काळूरामने काठी फेकली, सदरा फेकला, आणि सत्यवती काही म्हणायच्या आत तोही पाण्यात होता. त्याने खुलनेची शेपटी धरली.

"होडी घाला! रेडकू घ्या!"

सत्यवती रेडकू छातीशी धरून होडीत पडली. नथू आणि गॅब्रिएल वल्ही मारू लागले. पण होडीतलं रेडकू न दिसल्याने जेसोर काठावरच राहिली आणि तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून खाडीच्या मध्यावर पोहोचलेल्या म्हशी थबकल्या. एक मागे वळली. दुसरी वळली. आणि मग सगळा कळप एकमेकींच्या अंगावर चढत जागच्या जागी गोल फिरू लागला!

पाण्यात जनावरं अशी फिरू लागली की संपलं. दमतात, एकमेकींना खाली दाबतात, बुडतात. सत्यवतीला काळी डोकी दिसत होती. शिंगं दिसत होती. त्यात एक माणसाचं डोकं. दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं!

तिने रेडकाचा कान पिळला. रेडकू केकाटलं. पुन्हा पिळला!

काठावरची जेसोर पाण्यात पडली आणि होडीमागे सुसाट पोहू लागली.

"गॅब्रिएल, होडी कळपाच्या पुढून घाल!"

"बाय, शिंगं लागली तर होडी उलटंल!"

"उलटू दे! घाल!"

होडी शिंगांना घासत पुढे आली. आई पोहते आहे, रेडकू ओरडतं आहे. खुलनेने मान उचलली, वळली आणि होडीमागे लागली. तिच्यामागे बाकीच्या. गोल सुटला!

पण भरती आता जोरात ओढत होती. गाव उजवीकडे मागे सरकत चाललं. बांधावर सारा खारपाडा जमला होता. गेटावर खुर्ची टाकायला सांगणारे तर सगळ्यांत पुढे! काळूराम दात ओठ खाऊन खुलनेला गावाकडे वळवत होता. पाण्याच्या विरुद्ध. म्हशींच्या नाकपुड्या पाण्याखाली जाऊ लागल्या.

"अवं, गाव सोडा!" सत्यवती जिवाच्या आकांताने ओरडली. "पान्यासंगं चला! वरचं मिठागर गाठू!"

काळूरामने बांधाकडे पाहिलं. सगळं गाव बघत होतं. मग त्याने कळपाकडे पाहिलं. आणि पाण्यातून एक हात वर आला, सरळ, कवायतीतल्यासारखा, आणि मिठागराकडे झुकला.

खुलना पाण्यासंगे वळली. ओढ होती तीच आता ढकलू लागली. मिठागराच्या बांधाला पहिले खूर लागले. एक, दोन, पाच... सत्यवती ओल्या लुगड्याने बांधावर उभी राहून मोजत होती. चौदा! आणि एक रेडकू!

मिठागरातल्या बाया गोड्या पाण्याच्या घागरी घेऊन धावत आल्या. म्हशी प्यायल्या, काळूराम प्यायला, नथू तर एवढा प्यायला की गॅब्रिएलने विचारलं, "तू पन रेडकू काय रं?"

मग काळूराम उठू लागला आणि खाली बसला. पाय लाकडासारखा झाला होता. सत्यवती चोळायला वाकली तर त्याने तिचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. उजेड हाय तवर पोरी घरी ने. बांधाबांधानं."

"मी? माझ्या मागं यायच्या त्या?"

"पान्यात आल्या नं?"

सत्यवतीने रेडकू खांद्यावर टाकलं, पदर खोचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काळूरामच्या सुरात हाक घातली, "हो-ओ-य, खुलना!"

खुलनेने कान हलवले. जरा विचार केला. आणि निघाली. जेसोर, मेघना, पद्मा, एका रांगेत सगळ्या निघाल्या.

गाव बांधावरून पळत सामोरं आलं तेव्हा पुढे सत्यवती होती, कमरेपर्यंत चिखलाने माखलेली. पार मागे, नथूच्या आणि गॅब्रिएलच्या खांद्यांवर हात टाकून, हवालदार लंगडत येत होता. म्हशी किती वाचल्या, पाणी कसं होतं, लोक हजार प्रश्न विचारत होते. तो एकाचंही उत्तर देत नव्हता. भेटेल त्याला थांबवत होता आणि पुढे बोट दाखवून सांगत होता, "ती बघ. माझी बायको!"